ड्युरंट-२०१६ शीट: वॉरियर्सचा रकाना अखेर हिरवा

सुटलं एकदाचं! तीन शनिवार ज्यानं डोकं खाल्लं, तो एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या वॉरियर्स संघाचा रकाना काल रात्री दीड वाजता हिरवा झाला, म्हणजे पगाराचं गणित बसलं. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली.

खेळाडूंचे जुने निर्णय शीटवर पुन्हा घेऊन बघायचे, ही माझी मालिका. अट तीच आहे: ३० जून २०१६ ला उभं राहायचं, पुढचं काही माहीत नाही असं धरायचं आणि भेटीला आलेल्या सहा संघांपैकी केविन ड्युरंटनं (ओक्लाहोमाचा स्टार, करार संपलेला) कुठं जावं ते ठरवायचं. त्या मोसमात ७३ सामने जिंकलेला वॉरियर्स संघ माझ्या शीटमध्ये मात्र कालपर्यंत तळाला होता, कारण पगाराला ‘जागा नाही’.

हिशेब बघा. टीव्ही कराराचा पैसा आला आणि वाढ टप्प्याटप्प्यानं घ्यायला खेळाडूंच्या संघटनेनं नकार दिला, त्यामुळे कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) एका उन्हाळ्यात ७ कोटी डॉलरवरून ९.४१ कोटींवर गेली. ड्युरंटचा मॅक्स, म्हणजे त्याला देता येणारा कमाल पगार, २.६५ कोटी. वॉरियर्सचे करी, क्ले, ड्रेमंड, इग्वोडाला, लिव्हिंग्स्टन मिळून ६.१ कोटी. (त्यात करी फक्त १.२१ कोटींचा, घोटे दुखावलेले असताना केलेलं कंत्राट ते.) इथवर बसतं. पण बोगटचे १.१ कोटी आणि बार्न्सचा कॅप होल्ड (करार संपलेल्या खेळाडूवर हक्क ठेवला की कॅपमध्ये धरली जाणारी रक्कम; इथं जुन्या पगाराच्या अडीचपट, साधारण ९७ लाख), हे धरले की बेरीज कॅपच्या १.४ कोटी वर जाते.

मी आकड्यांवरच संशय घेत बसलो. रकमा गोळाबेरजेत देणाऱ्या एका साइटचा डेटा फेकून दिला (ती वापरूच नका) आणि कंत्राटं एकेक करून हातानं भरली. तरी लालच.

चूक सूत्रात नव्हती, मी शीटला प्रश्नच चुकीचा विचारत होतो. आज जागा किती आहे यापेक्षा कोणाला सोडून किती करता येते, हे बघायला हवं होतं. बोगटला डॅलसला धाडायचं, बार्न्सवरचा हक्क सोडायचा, झालं. आता ‘करता येणारी जागा’ असा वेगळा रकाना आहे आणि सोडलेल्या खेळाडूचे गुण त्यात वजा होतात. बोगटच्या स्क्रीन (सोबत्यासाठी बचावपटूची वाट अडवणं) आणि रिंगखालचा बचाव यांची किंमत मी मुद्दाम चढी लावली. तरीही वॉरियर्स पहिले! ओक्लाहोमा दुसरी, थोडक्यात मागे: बर्ड हक्क (आपल्याच खेळाडूला कॅप ओलांडूनही ठेवायची मुभा), करारात पाचवं वर्ष आणि वार्षिक वाढही जास्त.

पुढचा भाग लेब्रॉन २०१० चा ठरला होता, पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. माझी शीट एकच उन्हाळा बघते. ड्युरंटची लीगमध्ये नऊ वर्षं झाली होती. दहा पूर्ण झाली की मॅक्स कॅपच्या ३० टक्क्यांवरून ३५ वर जातो, आणि हा नियम तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होता. म्हणजे १+१ करार (एक वर्ष पक्कं, दुसरं खेळाडूच्या मर्जीवर) हा स्वतंत्र पर्याय म्हणून मोजायला हवा. तो धरला तर ओक्लाहोमाचं पाचवं वर्ष जवळपास बिनकामाचं ठरतं. शिवाय ओक्लाहोमाचा दुसरा स्टार वेस्टब्रूक याचं कंत्राटही २०१७ लाच संपत होतं.

लेब्रॉन थांबेल. आज रात्री वेस्टब्रूकपासून सुरुवात.