समोरच्याकडे ड्राइव्ह आहे का?

साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचं. १९९४च्या सुमारास आयोमेगा कंपनीची झिप डिस्क आली ती थेट १०० एमबी घेऊन, म्हणजे जवळपास सत्तर फ्लॉप्यांचा ऐवज. तरी फ्लॉपीची जागा काही तिला घेता आली नाही. डिस्क कुणालाही देता यायची, पण ती वाचायला समोरच्याकडेही झिप ड्राइव्हच हवा. एलएस-१२० ने ही मेख ओळखली होती: त्याच्या ड्राइव्हमध्ये १२० एमबीची डिस्क चालायची आणि जुनी फ्लॉपीही. पण तो आला उशिरा, आणि झिपपेक्षा हळू चालायचा.

त्यात झिपच्या मागे ती कुप्रसिद्ध टकटक लागली. डिस्क वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडला डेटाची रांग, म्हणजे ट्रॅक, सापडेना की ड्राइव्ह ते मागे ओढून पुन्हा आत सोडायचा, तोच हा आवाज. डिस्कची कड फाटलेली असली तर हेडला इजा, आणि इजा झालेलं हेड पुढच्या चांगल्या डिस्कचं वाटोळं करणार. 'डिस्क दुसरीकडे लावून बघू' हा सगळ्यांचा पहिला उपाय. त्यात दुसरा ड्राइव्हही कामातून जायचा. साथच म्हणायची.

बाजी मारली सीडी-आरने, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या सीडीने, आणि तीही गुणांच्या जोरावर नव्हे. लिहिलेलं पुसता येत नसे. लेझरला डेटा अखंड लागायचा. मध्येच बफर, म्हणजे लेझरसाठी डेटा तात्पुरता साठवणारी जागा, रिकामा पडला की चकती वाया. बर्न, म्हणजे चकतीवर लिहिणं, चालू असताना दुसरा प्रोग्रॅम उघडायची चोरी! पण चकती स्वस्त, जागा ६५० एमबी, आणि वाचणारा ड्राइव्ह बहुतेक संगणकांत आधीच बसलेला. लिहिणारा ड्राइव्ह, म्हणजे बर्नर, फक्त देणाऱ्याला लागायचा.

२००० साली आलेल्या पेन ड्राइव्हची क्षमता होती ८ एमबी. सीडीपुढे अगदीच किरकोळ, पण यूएसबी पोर्ट तयारच होतं. विंडोज ९८ मध्ये ड्रायव्हर टाकावा लागे. पुढच्या आवृत्त्यांनी तीही कटकट संपवली.

इंटेल आणि मायक्रॉन या चिप कंपन्यांनी २०१५ मध्ये जाहीर केलेलं थ्रीडी एक्सपॉइंट हे मेमरीचं तंत्रज्ञान वेगळ्याच कारणाने अडलं. पेन ड्राइव्हमध्ये असते त्या फ्लॅश मेमरीपेक्षा चपळ, पण महाग. संगणकाच्या मुख्य मेमरीपेक्षा, म्हणजे डीरॅमपेक्षा, स्वस्त, पण हळू. तिकडे फ्लॅश थरावर थर चढवत स्वस्त होत गेलं. २०२२ मध्ये इंटेलने ऑप्टेन, म्हणजे याच तंत्रज्ञानाची आपली उत्पादनं, गुंडाळलं.

चुंबकीय टेप मात्र अजून टिकून आहे. एलटीओ या टेपच्या प्रकारातल्या नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-९ च्या, एका कार्ट्रिजमध्ये १८ टीबी मावतं. फक्त एवढं बघावं, की एलटीओ-९ चा ड्राइव्ह एलटीओ-८ वाचतो, एलटीओ-७ वाचत नाही. कपाटात जुन्या टेपा असतील तर त्या नव्या टेपवर उतरवून होईपर्यंत जुना ड्राइव्ह भंगारात काढू नये.