जॉर्ज नको, गेबेर्खा

जोहान्सबर्ग ते केपटाउन सरळ रेषेत साधारण १,२७० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा थोडं जास्त. विमानाला दोन तास, वर थोडी मिनिटं. परतीला वेळ कमी लागतो, कारण पश्चिमेचा वारा पाठीशी असतो. जुलैत वरचा वारा जोरात असला की जाताना तेवढ्याच अंतरासाठी विमानाला हवेतून दीडशे-दोनशे किलोमीटर जास्त कापावे लागतात. मी जोहान्सबर्गला फ्लाइट डिस्पॅचर आहे, उड्डाणाआधी विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवणं हे माझं काम, त्यामुळे हा हिशेब रोजचाच. त्या दिवशीचा मात्र डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे लख्ख ऊन आणि कोरडी थंडी. केपटाउनवर कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची सरकत येणारी आघाडी: वायव्येचा वारा, पाऊस, खाली उतरलेले ढग. तिथे मोठ्या जेटच्या कामाची धावपट्टी एकच. तिच्यावर एखाद्या विमानाचा टायर फुटला तरी मागच्यांना दुसरीकडे जावं लागतं, म्हणून पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आधीच भरायचं असतं. सगळ्यात जवळचं जॉर्ज, साडेतीनशे किलोमीटरवर. त्याचा टॅफ, म्हणजे हवामानाचा अंदाज, नियमात बसत होता. पण हे फ्रंट पूर्वेकडे सरकत जातात. सकाळी केपटाउनला झोडपणारा पाऊस दुपारी जॉर्जला पोचतो, म्हणजे आमचं विमान तिकडे वळलंच तर नेमकं त्याच वेळी. त्यात तिथली धावपट्टी दोन हजार मीटरची. २००९ मध्ये एक छोटं जेट त्या ओल्या धावपट्टीवरून घसरून कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर गेलं होतं. मी गेबेर्खा निवडलं, पूर्वीचं पोर्ट एलिझाबेथ, केपटाउनपासून जवळपास साडेसहाशे किलोमीटर. कॅप्टनने चार्टवर बोट फिरवलं, जॉर्जपाशी थांबवलं आणि सही केली.

अडचण आली ती उतरतानाच्या वजनाची. आमचं विमान बोईंग ७३७-८००, त्याला साधारण ६६ टनांपर्यंतच उतरता येतं. पर्यायी विमानतळासाठी भरलेलं इंधन लागलं नाही, तर ते टाकीत तसंच राहतं आणि उतरताना वजनात मोजलं जातं. विमान फुल्ल होतं. प्रवासी आणि बॅगा ठेवायच्या, तर माल उतरवावा लागणार. विमानातलं वजन ठरवणाऱ्या लोड कंट्रोलने फुलांचे खोके खाली काढले.

विमान पहिल्याच प्रयत्नात केपटाउनला उतरलं. फुलं पुढच्या फ्लाइटने गेली, पण ती एका अंत्यविधीसाठी होती आणि तोवर विधी आटोपला होता. दुकानदार बाईंचा फोन माझ्यापर्यंत आला. "दोन तासांचं तर विमान," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यांना टॅफ काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी लेखी विचारलं: जॉर्ज नियमात बसत असताना जादा इंधन का? मी जॉर्जचे दुपारचे रिपोर्ट जोडले. ढग उतरलेले, दृश्यमानता घसरलेली. उत्तर आलं की विमानाला तिकडे जावंच लागलं नाही. निकालावरून निर्णय तपासायची ही सवय मला घातक वाटते, आणि तसं मी लिहूनही दिलं. उद्या तोच चार्ट समोर आला तर मी पुन्हा गेबेर्खाच निवडेन.

राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. फ्रंट येणार हे आदल्या संध्याकाळीच दिसत होतं. बुकिंग घेणाऱ्या काउंटरला तेव्हाच एक ओळ गेली असती, तर ती फुलं पहाटेच्या विमानाने गेली असती. तशी ओळ रोज पाठवायची परवानगी मी मागितली आहे. अजून मिळालेली नाही.