आमची वाटचाल : फेरे मोजून भरणाऱ्यांची गोष्ट
मोटार रिवाइंडिंगमध्ये, म्हणजे जळालेल्या मोटारीत नव्या तारेच्या कॉइली भरायच्या धंद्यात उतरलो तेव्हा आमच्याकडे हाताने फिरवायचं कॉइल मशीन, लाकडी फॉर्मे, मायक्रोमीटर, इन्सुलेशन तपासायचा मेगर आणि भागीदार म्हणून दादा, एवढंच होतं. दादा गप्पा मारत फेरे मोजायचे, तरी एक फेरा इकडचा तिकडे व्हायचा नाही. तारेतून करंट गेला की भोवती चुंबकत्व तयार होतं, हे ओर्स्टेडने १८२० साली होकायंत्राच्या सुईवर दाखवलं. कॉइलचा जोर किती, हे मात्र करंट आणि फेरे यांच्या गुणाकारावर ठरतं. त्यामुळे दादांपुढे ‘चालतंय’ हा शब्द चालायचा नाही.

मधली वर्षं कामात गेली.

मग आमच्याच धंद्यातले एकजण भाव पाडून उभे राहिले. जुनी कॉइल काढायला ते स्टेटरला, म्हणजे कॉइली बसतात त्या न फिरणाऱ्या भागाला, सरळ गॅसची ज्योत लावत. स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांमधलं इन्सुलेशन जळालं की एडी करंट, म्हणजे पत्र्यांतच फुकट फिरणारा करंट वाढतो आणि मोटार रिकामी फिरतानासुद्धा तापते. वर तार वाचवायला फेरे कमी! व्होल्टेज तेच ठेवून फेरे कमी केले की मोटार जास्त करंट ओढते आणि चुंबकीय क्षेत्र वाढतं, पत्रे सॅच्युरेट होतात म्हणजे आणखी चुंबकत्व पेलत नाहीत, नो-लोड करंट, म्हणजे रिकामी फिरतानाचा करंट चढतो. पण मोटार दुसऱ्या दिवशी मिळते ना, मग गिऱ्हाईक तिकडे.

त्यातच एका मोठ्या कारखान्यात आम्ही भरलेल्या मोटारी पाठोपाठ जळाल्या. ‘यांचं वाइंडिंगच कच्चं’ ही आवई कोणी उठवली, ते वेगळं सांगायला नको. पैसे अडकले, तांब्याच्या तारेची उधारी अंगावर आली, दादाही वेगळे झाले. टाळं लावायचंच बाकी होतं.

तेव्हा आमचे सॉ-मिलवाले काका कारखान्यात सोबत आले आणि तिथल्या मॅनेजरला म्हणाले, “आधी उघडून तर बघा.” मोटारी स्टारमध्ये जोडलेल्या, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइलींचं एकेक टोक एकत्र बांधलेलं. दोन फेजच्या कॉइलींचा कोळसा झालेला आणि तिसरी फेज नव्यासारखी. वाइंडिंग कच्चं असतं तर एखाद्या जागी डाग पडला असता. ही सरळ सिंगल फेजिंगची, म्हणजे पुरवठ्याच्या तीनपैकी एक फेज तुटल्याची खूण! तिसऱ्या फेजमधून करंटच गेला नव्हता, ती जळणार कशाने? उरलेल्या दोघींवर सगळा भार आला. शेवटी त्यांच्याच कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचचा एक पॉइंट जळालेला सापडला.

मॅनेजरने मान हलवली. बिल मात्र आजतागायत पूर्ण आलेलं नाही. आवई उठवणाऱ्यांनी तर साधं ‘चुकलं’ही म्हटलं नाही, आता त्यांनीच भाजलेले स्टेटर आमच्या टेबलावर येतात.

विचारलं नाहीत तरी सांगतो. जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले नेमप्लेटच्या करंटवर लावा, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा. मोटार भरून नेताना तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा नो-लोड करंट समोर मोजून घ्या आणि बिलावर लिहून मागा. कोणी कां-कूं केली, तर मोटार तिथेच ठेवून या.