मेणबत्तीच्या बरणीत उगवलेला जिवाणू

शस्त्रक्रियागृहातून आमच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत पू आला, तेव्हा सोबतच्या कागदावर ‘मेंदूतील गळू, वय ११’ एवढाच मजकूर होता. ग्रॅम रंजनात, म्हणजे जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याच्या चाचणीत, पूपेशींच्या गर्दीत आखूड, फिकट गुलाबी जिवाणू कसेबसे दिसत होते. रंगाचा गाळ समजून नजरेतून सुटावेत असे. मी वॉर्डात फोन लावला. निवासी डॉक्टर म्हणाली, ‘‘मॅडम, मुलगा टेट्रालॉजीचा आहे, ऑपरेशन झालेलं नाही.’’

हे कागदावर यायला हवे होते. फॅलोच्या टेट्रालॉजीत, या जन्मजात हृदयदोषात, हृदयाच्या उजव्या बाजूचे बरेचसे रक्त फुफ्फुसांत न जाता थेट शरीरात जाते, त्यामुळे एरवी फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत गाळले जाणारे जिवाणू मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. शिवाय प्राणवायूच्या कमतरतेने रक्त दाट होऊन मेंदूचे बारीक भाग रक्तपुरवठ्याअभावी मरतात आणि तिथे जिवाणूंना थारा मिळतो. या मुलाचे हिमोग्लोबिन २१ होते, म्हणजे रक्त असेच दाट झालेले. तो अहवाल पाहून गावात कुणीतरी आईला ‘रक्त भरपूर आहे’ असे सांगितले होते, आणि अंगात ताप नसल्यामुळे डोकेदुखी उन्हाची ठरली होती.

अशा गळवांत स्ट्रेप्टोकोकाय हे ग्रॅम रंजनात जांभळे दिसणारे जिवाणू नेहमी सापडतात, पण हे गुलाबी, म्हणजे ग्रॅम-ऋण होते. तोंडात राहणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या आणि कार्बन डायऑक्साइडवाचून नीट न उगवणाऱ्या जातींपैकी काहीतरी असावे, असे वाटून मी चॉकलेट अगरची (तापवलेले रक्त घातलेल्या वाढमाध्यमाची) एक प्लेट मेणबत्तीच्या बरणीत ठेवली. झाकण घट्ट लावले की ज्योत विझते आणि आत सुमारे ३ टक्के कार्बन डायऑक्साइड उरतो. साधन जुनेच, पण कामाचे. दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटा कोऱ्या होत्या. तंत्रज्ञाने ‘वाढ नाही’ असे लिहायला घेतले होते, त्याला थांबवले. तिसऱ्या दिवशी बरणीतली प्लेट उजेडात तिरपी धरली, तेव्हा टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळसर वसाहती दिसल्या. आतड्यातले ग्रॅम-ऋण जिवाणू ज्यावर सहज वाढतात त्या मॅकॉन्की अगरवर काहीच नव्हते. वसाहती ओळख पटवण्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवल्या. उत्तर आले ॲग्रिगॅटिबॅक्टर ॲफ्रोफिलस, दातांवरच्या किटणात आढळणारा जिवाणू.

चालू असलेल्या प्रतिजैविकांपैकी सेफ्ट्रिॲक्सोन त्यावर लागू पडत होते, म्हणून व्हॅन्कोमायसिन बंद झाले. मेट्रोनिडाझोल या जिवाणूवर निरुपयोगी असले, तरी प्लेटवर न उगवलेले विनॉक्सी (प्राणवायूविना वाढणारे) जिवाणू सोबत असू शकतात, म्हणून शल्यविशारदांनी ते चालू ठेवले आणि मलाही ते पटले. दंतवैद्यांना मागची एक दाढ मुळापर्यंत किडलेली आढळली. प्रतिजैविकाच्या संरक्षणाखाली ती काढली गेली आणि शिरेतून औषधाचे सहा आठवडे पुरे झाल्यावर मुलाला हृदयशस्त्रक्रिया विभागाकडे पाठवण्यात आले.