चोर्ल्याचा चढ आणि पुढचे चाक

पहाटे साडेपाचला पणजीच्या मळा भागातून आम्ही दोघे निघालो, तेव्हा रस्त्यावर आमच्याखेरीज एकच सायकल होती आणि ती पोदेराची, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याची, होती. मागच्या मोठ्या टोपलीवर निळे प्लास्टिक घट्ट बांधलेले, हँडलला रबरी भोंपू, आणि चढावर उभा राहून पायडल मारण्याची ती वर्षानुवर्षांची सवय. गोव्यात सायकलवरचा दिवसाचा पहिला घाम याच माणसाचा असतो. त्याच्याकडून चार गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घेतले, जर्सीच्या मागच्या खिशात दोन-दोन ठेवले आणि पाटोवरून रायबंदरच्या दिशेने वळलो.

बेत गोव्यातून बेळगावकडे चढणाऱ्या चोर्ला घाटाचा होता. त्याच्या पायथ्याचे केरी हे माझे आजोळ. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलो की अंगणातून दिसणाऱ्या सह्याद्रीच्या भिंतीवर रात्री बेळगावहून भाजी घेऊन उतरणाऱ्या ट्रकांचे दिवे वळणावळणाने खाली येताना मी पाहत बसत असे. ते दिवे जिथून सुरू होतात तिथवर सायकलने जायचे, हे तेव्हापासून मनात होते. या वेड्या इच्छेला आकार मात्र फार नंतर आला, आणि तो दूरदर्शन संचासमोर आला. गेली अनेक वर्षे जुलै महिन्यात, बाहेर आषाढाचा पाऊस कौलांवर कोसळत असताना, मी संध्याकाळपासून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीचे टप्पे पाहत आलो आहे. खिडकीबाहेर काळोख आणि पाणी, समोर आल्प्समधले लख्ख ऊन, आणि त्या उन्हात एकामागोमाग एक गळत जाणारे सायकलपटू. घाट म्हणजे काय असतो हे मला केरीने शिकवले, आणि घाट चढणाऱ्या माणसाचे काय होते हे त्या शर्यतीने दाखवले.

सोबतीला मामेभाऊ होता. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान आहे. साखळीला त्याचे सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. एके काळी तो मुंबई–पुणे सायकल शर्यतीत उतरला होता आणि खंडाळ्याच्या चढावर मागे पडला होता. त्या शर्यतीत घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूरमध्ये पर्वतांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते, आणि ही ठिपक्यांची जर्सी १९७५ सालापासूनची आहे. मला स्वतःला आपला मराठी किताब अधिक आवडतो. तो उच्चारला की राजा आणि घाट दोन्ही डोळ्यांसमोर उभे राहतात.

रायबंदरचा बांध सुमारे तीन किलोमीटरचा. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिशच्या काळात, १६३३–३४ मध्ये, तो बांधला गेला. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे व खाजणांची ओल. अंधारात फक्त चिखलाचा वास येतो. याच बांधावर वाऱ्याने आम्हाला गाठले. हिवाळ्यात गोव्यात पहाटे वारा घाटाकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे पूर्वेला निघालेल्या सायकलस्वाराच्या तो थेट छातीवर येतो. मी पुढे होतो आणि दहा मिनिटांत श्वास जड झाला. तेव्हा मामेभाऊ डावीकडून पुढे आला आणि मान न वळवता म्हणाला, “दादा, माझ्या चाकाला चिकटून राहा. साखळीपर्यंत पुढे येऊ नकोस.”

सायकलच्या शर्यती न पाहणाऱ्याला हे वाक्य साधे वाटेल, परंतु या खेळाचे सगळे मर्म त्यातच आहे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा खरा शत्रू हवा असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर राहिले तर मागच्याची सुमारे एक तृतीयांश मेहनत वाचते, आणि दीडशे सायकलींच्या घोळक्याच्या पोटात शिरले तर त्याहून कितीतरी अधिक. म्हणून रस्त्यावरची सायकल शर्यत दिसायला एकट्याची असली तरी ती संघाची असते. आठ जणांच्या संघातले सात जण एका नायकासाठी वारा खातात, गाडीपाशी मागे जाऊन जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून आणतात, त्याचे चाक बिघडले तर आपले काढून देतात, आणि शेवटच्या चढाच्या पायथ्याशी शक्ती संपली की बाजूला होतात. अंतिम रेषेवर कॅमेरा असतो तेव्हा ते वीस-पंचवीस मिनिटे मागे कुठेतरी असतात.

यांना फ्रेंचमध्ये ‘दोमेस्तिक’ म्हणतात, म्हणजे घरगडी. हा शब्द शिवी म्हणून जन्मला. टूरचा संस्थापक आंरी देग्रांज याला शर्यतीत प्रत्येकाने स्वतःच्याच बळावर धावावे असे वाटे. १९११ साली मॉरिस ब्रोको नावाचा सायकलपटू दुसऱ्या स्पर्धकाला मदत करतो म्हणून त्याने त्याला तुच्छतेने घरगडी म्हटले. ब्रोकोने दुसऱ्याच दिवशी पिरेनीज पर्वतातला अवघड टप्पा जिंकून दाखवला, तर देग्रांजने त्याला शर्यतीतूनच काढून टाकले. देग्रांजच्या कर्तृत्वाबद्दल मला आदर आहे. १९०३ मध्ये सहा टप्प्यांची २४२८ किलोमीटरची शर्यत उभी करणे हे लहान काम नव्हते. पण या एका बाबतीत तो चुकला, असे माझे ठाम मत आहे. वाऱ्याचा आडोसा हे या खेळातले पाप नसून त्याचा प्राण आहे.

जुने गोवे उजाडण्यापूर्वीच मागे पडले. बाणस्तारीच्या पुलावरून कुंभारजुवेचा कालवा ओलांडला, डावीकडे वळून माशेलला आलो, आणि तिथे एका छोट्या हॉटेलात पातळ भाजी, पाव आणि चहा घेतला. खिशातले उंडे घाटासाठी ठेवले. भाजी खाताखाता मामेभावाने विचारले, “दादा, तुझ्या त्या शर्यतींतला सगळ्यांत मोठा कोण?”

मोठा कोण, याचे उत्तर कठीण नाही. बेल्जियमचा एडी मर्क्स. पाच वेळा टूर, पाच वेळा इटलीची जिरो डी इटालिया, सात वेळा मिलान–सान रेमो ही एका दिवसाची शर्यत, आणि १९७२ मध्ये मेक्सिकोत एका तासात ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम. आज स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार त्याच्या वाटेवर आहे. २०२४ मध्ये त्याने जिरो, टूर आणि जागतिक अजिंक्यपद एकाच वर्षात जिंकले. हे मी सांगितले, पण सांगताना मनात दुसराच माणूस होता, म्हणून त्याचीही गोष्ट सांगितली.

१९५२ ची टूर. इटलीच्या संघाचा नायक फाउस्तो कोप्पी आणि त्याच्या सेवेत आंद्रेआ कारेआ. लोझानच्या टप्प्यात काही जण पुढे निसटले, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवायला कारेआ त्यांच्यासोबत गेला. ती तुकडी इतकी पुढे निघून गेली की टप्पा संपल्यावर एकूण वेळेत कारेआ पहिला आला आणि त्याच्या अंगावर पिवळी जर्सी चढली. त्याला ते स्वप्नातही नको होते. तो रडला आणि त्याने कोप्पीची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी टूर प्रथमच आल्प द्युएझचा चढ चढली. १३.८ किलोमीटर आणि एकवीस वळणे. कोप्पीने तो टप्पा जिंकला आणि जर्सी त्याच्याकडे गेली. रेमाँ पुलिदोरसारखा मोठा सायकलपटू आठ वेळा पहिल्या तिघांत येऊनही आयुष्यात एक दिवससुद्धा पिवळी जर्सी घालू शकला नाही, आणि ज्याला ती मिळाली त्याला ती अंगावर जड झाली. ही दोन चित्रे मी कित्येक वर्षे शेजारी ठेवून पाहतो आहे.

मामेभाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “रडला तो भीतीने नसणार. आपलं काम चुकलं असं वाटलं असणार त्याला.” मला हे कधी सुचले नव्हते. ज्याने दुसऱ्यासाठी वारा खाल्लेला आहे, त्यालाच ते सुचावे.

खांडोळ्याहून आमोण्याचा पूल ओलांडला आणि रस्त्याच्या कडेची माती लाल झाली. खाणींचा हा पट्टा आणि साखळीची बाजारपेठ आम्ही न थांबता पार केली. पर्ये सोडल्यावर धुके लागले. काजूला मोहर यायला लागला होता आणि त्याचा उग्र गोड वास थंड हवेत रस्त्यापर्यंत येत होता. या सबंध अंतरात मामेभावाने मला एकदाही वाऱ्यात येऊ दिले नाही. मी दोनदा पुढे जायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा त्याने नुसता तळहात मागे करून मला थांबवले. केरीला आजोबा देवस्थानाच्या दिशेने हात जोडले आणि चढ सुरू झाला.

चोर्ल्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. टूरमधल्या २११५ मीटर उंचीच्या तुर्माले घाटासमोर हा आकडा लहान वाटेल, पण आपण जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून निघालेलो असतो आणि दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नाही. रस्ता म्हादई अभयारण्याच्या जंगलातून जातो. सकाळची बेळगावची बस वरून उतरताना प्रत्येक वळणावर हॉर्न देते आणि तो आवाज दरीत फिरून परत येतो. पहिली काही वळणे आम्ही सोबत चढलो. चढावर वेग घटतो आणि हवेचा अडथळा जवळपास नाहीसा होतो. उरते ते आपले वजन आणि ते वर नेणारे पाय. आडोशाचा उपयोग संपतो. म्हणूनच मोठ्या शर्यतींचे निकाल डोंगरात लागतात. तिथे प्रत्येकाला स्वतःचा हिशेब स्वतःच चुकवावा लागतो.

मामेभावाने मात्र त्याची सगळी शिल्लक सपाटीवर माझ्यासाठी खर्च केली होती. एका वळणावर त्याच्या श्वासाचा आवाज मागे पडू लागला. मी वेग कमी केला, तर तो ओरडला, “थांबू नकोस! लय तुटली की पाय परत येत नाहीत. जा!”

त्या क्षणी मला रने व्हिएत्तो आठवला. १९३४ च्या टूरमध्ये तो अवघ्या वीस वर्षांचा होता आणि डोंगरात सर्वांपेक्षा सरस होता. पिरेनीजमधल्या एका उतारावर फ्रेंच संघाच्या नायकाचे पुढचे चाक मोडले, तेव्हा व्हिएत्तोने आपले चाक काढून दिले आणि मदतीच्या गाडीची वाट पाहत दगडी कठड्यावर बसून रडला. त्याचे ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी नायकाची सायकल पुन्हा बिघडली. पुढे गेलेला व्हिएत्तो सायकल वळवून उलटा मागे आला आणि त्याने आपली सायकल देऊन टाकली. नायकाने टूर जिंकली. व्हिएत्तो पाचवा आला आणि पुढे त्याला टूर कधीच जिंकता आली नाही. याच्या उलट घडल्याचे उदाहरण फार उशिरा, २०२३ मध्ये, स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत पाहायला मिळाले. वर्षभर दुसऱ्यांसाठी राबणारा सेप कुस तिथे आघाडीवर होता. आंग्लिरूच्या भयंकर चढावर त्याच्याच संघाचे दोन नायक, प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगो, त्याला मागे टाकून पुढे गेले आणि त्याची आघाडी अवघ्या आठ सेकंदांवर आली. पुढच्या टप्प्यांत मात्र ते दोघे त्याच्यासाठी राबले आणि कुस जिंकला. आंग्लिरूच्या त्या संध्याकाळी मला फार राग आला होता. चोर्ल्याच्या वळणावर, मामेभावाला मागे सोडून वर जाताना, तो राग मला पूर्वीइतका सोपा वाटेना.

मी थांबलो नाही. खाली अंजुणे धरणाचे पाणी धुक्यातून एकदा दिसले आणि पुन्हा झाकले गेले. एक वळण, मग दुसरे, मग मोजणे सोडून दिले. शेवटी जंगल विरळ झाले, पठाराचा मोकळा वारा अंगाला लागला आणि सुर्ल्याकडे जाणारा फाटा दिसला. तिथे उतरलो. लहानपणी पाहिलेले दिवे इथूनच खाली येत असत. खिशातला एक उंडा खाल्ला. तो आता थंड आणि चिवट झाला होता. दुसरा तसाच ठेवला. अर्धा तास वाट पाहिली, पण मामेभाऊ आला नाही. बाटलीतले पाणीही संपले होते.

उतरताना हात ब्रेकवर दुखून आले. तो खाली केरीच्या अलीकडे एका वळणावर रस्त्याच्या कठड्यावर बसला होता. सायकल झाडाला टेकवलेली, चेहऱ्यावर धुळीचे पुट वाळलेले. मला वाटले होते की तो घरी मामीकडे जाऊन झोपला असेल.

“पोहोचलास?” त्याने विचारले.

“पोहोचलो. तू पुढे का नाही गेलास घरी?”

त्याने उत्तर दिले नाही. शेजारी ठेवलेली बाटली उचलून माझ्या हातात दिली. ती काठोकाठ भरलेली होती. मी जर्सीच्या खिशातून उरलेला उंडा काढून त्याला दिला आणि त्याच्या शेजारी बसलो.