अम्माऊसच्या वाटेवर

ईस्टरचा रविवार उलटला की सोमवारी यरुशलेमहून अम्माऊसला जायची तिकडच्या ख्रिस्ती लोकांची जुनी रीत आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातले येशूचे ते दोन शिष्य त्याच दिशेनं निघाले होते. गुरूला क्रुसावर मारलं, तिसरा दिवस उजाडला, कबर रिकामी आहे असं बायका सांगत आल्या. तरी कशावर विश्वास न बसून हे दोघे शहर सोडून चालले. एकाचं नाव क्लयपा. दुसऱ्याचं नाव लूकनं दिलेलं नाही. वाटेत मेल्यातून उठलेला येशूच त्यांच्याबरोबर चालू लागला, पण त्यांनी त्याला ओळखलं नाही. अम्माऊसला जेवायला बसून त्यानं भाकर मोडली तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

अम्माऊस नेमकं कोणतं, याचा मात्र निकाल लागलेला नाही. बहुतेक हस्तलिखितांत अंतर 60 स्टेडिया आहे, म्हणजे सुमारे 11 किलोमीटर. सिनायच्या प्रसिद्ध हस्तलिखितात ते 160 आहे, म्हणजे 30 किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे अबू घोश, अल-कुबैबा आणि लात्रूनजवळचं निकोपोलिस, सगळीच हा मान सांगतात. फ्रान्सिस्कन संघाचे कॅथलिक धर्मगुरू सोमवारी अल-कुबैबाला मिस्सा, म्हणजे भाकर मोडण्याची उपासना करतात. आमच्या वसईच्या गटातले चालू शकणारे आम्ही काही जण अबू घोशहून निकोपोलिसला निघालो. ही 18-20 किलोमीटरची वाट बहुतेक उताराची आणि झाडीतून जाणारी आहे. खरं अम्माऊस कोणतं याची मला फिकीर नव्हती. वाट यरुशलेमला पाठ करून जाणारी होती, मला तेवढं पुरेसं होतं.

साल होतं 2019. 21 एप्रिलला आमचा कॅथलिकांचा ईस्टर, आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मंडळींचा त्याच दिवशी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, येशू यरुशलेमात आला त्याची आठवण करायचा. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये पहाटे आमचं आलेलुया चाललं होतं आणि दारातून माणसं खजुरीच्या झावळ्या, ऑलिव्हच्या डहाळ्या घेऊन आत येत होती. एकाच छपराखाली आमचा प्रभू उठलेला होता आणि त्यांचा प्रभू आत्ता कुठे शहरात शिरत होता. मला ते फार सुंदर वाटलं.

नाश्त्याला बसलो आणि श्रीलंकेची बातमी आली. कोलंबोतलं संत अंतोनीचं चर्च, नेगोंबोतलं संत सेबॅस्टियनचं, बट्टिकलोआतलं झायन चर्च. ईस्टरच्या प्रार्थनेला जमलेल्या माणसांत बॉम्ब फुटले होते. हॉटेलांतही फुटले. पुढे मृतांचा आकडा अडीचशेच्या वर गेला. नवे कपडे घालून, पोरांना कडेवर घेऊन आलेली ती माणसं आमच्यासारखीच होती. संत अंतोनीला नवस आमच्याकडेही बोलतात.

म्हणून सोमवारी आम्ही चाललो ते आनंदानं नव्हे. सुरुवातीला सगळे त्याच बातमीवर बोलत होते, मग बोलणं थांबलं. वल्हांडण या यहुदी सणाची सुट्टी होती. झाडांखाली यहुदी कुटुंबं जेवणाचे डबे उघडून बसली होती, पोरं ओरडत होती. गवत पिवळं पडू लागलं होतं.

माझ्याबरोबर आमच्या पॅरिशमधल्या एक मावशी चालत होत्या. त्यांचा मुलगा ऐन तरुणपणी गेला. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याबद्दल त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. एका वळणावर त्या अचानक म्हणाल्या, "बाय, फादर म्हणाले आज आनंद करा. माझ्यानं होत नाही गं."

मी काहीच म्हटलं नाही. त्या मात्र बोलू लागल्या. त्याचा ताप, दवाखाने, रात्री-अपरात्री धरलेली रिक्षा, नवस, शेवटची सकाळ. मध्येच म्हणाल्या, "आम्हाला वाटत होतं उठेल."

शिष्यांचं वाक्य जवळजवळ हेच आहे. आम्हाला आशा होती, असं ते म्हणतात. आणि ज्याच्याविषयी म्हणतात तोच शेजारी चालत असतो. इतकी वर्षं हा अध्याय मी ऐकत आलेय, पण प्रभू आधी विचारतो हे त्या दिवशी मला खरं जाणवलं. तुम्ही चालता चालता काय बोलताय? ते म्हणतात, यरुशलेममध्ये राहून तुला एवढंही ठाऊक नाही? तो म्हणतो, काय झालं? ज्याच्या हातापायांत खिळे ठोकले तो विचारतो, काय झालं. त्यांना अथपासून इतिपर्यंत सांगू देतो. मोशे आणि संदेष्टे यांची वचनं तो नंतर उलगडून सांगतो. त्याआधी त्यांना मागे फिरा असंही तो म्हणत नाही, त्यांच्या दिशेनंच चालत राहतो.

आपण ईस्टरला फार घाई करतो असं माझं मत झालंय. गुड फ्रायडेला क्रुसाची वाट, रविवारी आलेलुया, आणि ज्याचं दुःख तीन दिवसांत संपत नाही त्यानं काय करावं हे कुणी सांगत नाही. लूक सांगतो. अशा माणसाबरोबर पुनरुत्थित प्रभू चालतो, आणि डोळे उघडायची त्याला घाई नसते.

दुपारी आम्ही अबू घोशहून घेतलेल्या रोट्या काढल्या. वल्हांडणात यहुदी लोकांना खमीर चालत नाही, त्यांच्या दुकानांत पाव मिळत नाही, म्हणून त्या अरब गावात त्या आठवड्यात मोठी गर्दी असते. त्या पहिल्या ईस्टरलाही बेखमीर भाकरीचे दिवस चालू होते. प्रभूनं अम्माऊसला मोडली ती बहुधा फुगलेली नव्हे, आपल्या तांदळाच्या भाकरीसारखी चपटीच असणार. मावशींनी अर्धी मोडून मला दिली आणि पुन्हा मुलाविषयी बोलू लागल्या. या वेळी तो लहानपणी कसा होता ते.

निकोपोलिसला बायझंटाइन काळातल्या मोठ्या चर्चचे अवशेष आहेत, त्यातच क्रुसेडरांनी बांधलेलं लहान चर्च. अम्माऊस हेच, असं 1878 साली बेथलेहेमच्या एका कार्मेलाइट सिस्टरनी सांगितलं. त्या संत मरियम बवार्दी. त्याआधी त्या आपल्या मंगळुरात राहून गेल्या होत्या, अखेरची व्रतं त्यांनी तिथंच 1871 मध्ये घेतली. आणि या अवशेषांशेजारी इमवास नावाचं पॅलेस्टिनी गाव होतं. 1967 च्या युद्धात तिथल्या माणसांना हाकलून गाव जमीनदोस्त केलं, आता त्या जागी कॅनडा पार्क आहे. सकाळपासून पाहिलेली ती सहलीची कुटुंबं मला एकदम आठवली. काही बोलवेना.

उघड्यावर, त्या दगडांत फादरांनी मिस्सा केली. विश्वासूंच्या प्रार्थनेत मावशी पुढे झाल्या आणि नेगोंबोच्या आयांसाठी आपल्या सामवेदी बोलीत प्रार्थना केली. भाकर मोडली गेली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, बघत राहिले.

शिष्य त्याच घटकेला उठून यरुशलेमला परतले. दिवस उतरला म्हणून ज्याला त्यांनी आग्रहानं थांबवलं होतं, त्याच्यासाठी ते स्वतः रात्रीचे निघाले. शहरात बाकीच्यांना सांगत असतानाच प्रभू तिथं आला, त्यानं हातपाय दाखवले आणि भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. मेल्यातून उठलेल्या देहावर जखमा तशाच होत्या. मावशींना हे मी बसमध्ये वाचून दाखवलं. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

मग त्यांनी घरी फोन लावला. सून आणि त्या एकाच घरात राहून गेलेल्या मुलाचं नाव घेत नव्हत्या. "ऐक, आज काय झालं ते सांगते," म्हणाल्या, आणि अबू घोशपासून सुरुवात केली.