तुम्ही विचारलंत म्हणून: मला सॅव्हेज ९९ परत का हवी

तीसेक वर्षं मी मिलिंग मशिनवर आणि पुढे टूलरूममध्ये काढली. जुन्या बंदुकांच्या आतल्या रचनेचं वेड लागलं ते त्याच काळात. त्यामुळे शौकीन मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो: कंपन्यांनी बंद केलेल्या बंदुकांपैकी एकच पुन्हा सुरू करता आली, तर तुम्ही कोणती कराल? विचारणाऱ्याला बहुतेक वेळा कोल्ट पायथन हे रिव्हॉल्व्हर किंवा ब्राउनिंग हाय-पॉवर हे पिस्तूल, यांपैकी एक नाव ऐकायचं असतं. माझं उत्तर मात्र कित्येक वर्षांत बदललेलं नाही. सॅव्हेज ९९ ही रायफल. तीही अखेरच्या काळातली नको. पोटात पितळी चरखी असलेली आणि डाव्या अंगाला आकडा दाखवणारी हवी.

हे ऐकून लोक मान हलवतात आणि विषय बदलतो. कारण सांगायला वेळ लागतो, उभ्या उभ्या ते जमत नाही. आज बसून सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लिव्हरची, म्हणजे ट्रिगरजवळची दांडी खाली-वर ओढून नवं काडतूस भरायची रायफल म्हटलं की विंचेस्टर कंपनीचीच डोळ्यांपुढे यायची. तिच्या नळीखाली आणखी एक नळी असते आणि तिच्यात काडतुसं एकामागे एक, रांगेत झोपलेली असतात. मागच्याच्या गोळीचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. बुडाच्या मधोमध प्रायमर असतो, आणि ठोका बसला की तो पेटतो. रायफल झाडल्यावर जो झटका बसतो, त्यात एखादी टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर आदळली तर मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. म्हणून या रायफलींत बोथट, चपट्या तोंडाची गोळी वापरायची. जवळच्या शिकारीला ती उत्तम, पण लांबवर जाताना हवा तिला फार लवकर थकवते. टोकदार गोळी आणि लिव्हरचा वेग, दोन्ही एकत्र मिळत नव्हतं.

आर्थर सॅव्हेज यांनी ते एकत्र आणलं. जन्म १८५७ चा, जमैकातला. न्यूयॉर्क राज्यातल्या यूटिका गावात त्यांनी १८९४ मध्ये कंपनी काढली आणि १८९९ मध्ये ज्या रायफलीला पुढे नुसतं 'नव्व्याण्णव' म्हटलं जाऊ लागलं ती बाजारात आणली. तिच्या पोटात एक फिरती चरखी आहे. चरखीला खाचा आहेत, प्रत्येक काडतूस आपापल्या खाचेत आडवं पडतं, आणि स्प्रिंगच्या ताणाने चरखी फिरत एकेक काडतूस वर आणून देते. कुणाचं टोक कुणाच्या बुडाला लागत नाही. झटक्याने गोळ्यांची टोकंही ठेचली जात नाहीत. बाहेर घोडा नाही. ठोका देणारा स्ट्रायकर आतच. वरची बाजू पूर्ण बंद, रिकामं टरफल उजवीकडून बाहेर पडतं. म्हणजे पाऊस, काटक्या, कचरा आत शिरायला वाव कमी, आणि पुढे दुर्बीण बसवायची प्रथा पडली तेव्हा ही रायफल आधीपासूनच तयार होती.

आणि ती खिडकी. डाव्या बाजूला एक छोटं भोक आहे, त्यातून चरखीवरचा आकडा दिसतो. आत किती काडतुसं उरलीत ते न उघडता कळतं.

एका परिचिताकडे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली एक नव्व्याण्णव होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, रिकामी असल्याची दोघांनी खात्री केली, मग सरावाची नकली काडतुसं एकेक करून आत दाबली. प्रत्येक दाबाबरोबर खिडकीतला आकडा बदलत गेला. पाचापर्यंत. मी लिव्हर खाली ओढली. ब्रीचब्लॉकचा, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या ठोकळ्याचा, मागचा भाग आधी खाली बसतो आणि मग तो अख्खा ठोकळा मागे सरकतो. बंद करताना पुढे जाऊन मागची बाजू वर उचलली जाते आणि रिसीव्हरच्या, म्हणजे आतली सगळी यंत्रणा जिच्यात बसते त्या चौकटीच्या, मागच्या भिंतीला टेकून अडकते. ती भिंत आणि तो ठोकळा जिथे भिडतात तिथे माझं लक्ष खिळलं. असा बसाव मी आयुष्यात अनेकदा करून पाहिलाय. निळा रंग लावायचा, दोन भाग भिडवायचे, रंग कुठे उठला ते पाहायचं, कानस मारायची, पुन्हा भिडवायचं. ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी ते इतकं नेमकं केलं होतं की लिव्हर शेवटच्या अर्ध्या इंचात आपल्यालाच आत ओढून घेते असं वाटत होतं. मी ती वीस-पंचवीस वेळा नुसती उघडमीट केली. परिचितांनी काही म्हटलं नाही, त्यांनीही तेच केलं असणार.

या रायफलीने काडतुसंही घडवली. १९१५ मध्ये काडतुसं आखणारे चार्ल्स न्यूटन यांनी तिच्यासाठी पाव इंच व्यासाच्या गोळीचं एक काडतूस बेतलं. न्यूटन यांना १०० ग्रेनची गोळी हवी होती (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). कंपनीला जाहिरातीत सेकंदाला ३००० फूट हा आकडा मिरवायचा होता, म्हणून ८७ ग्रेनची हलकी गोळी घेतली आणि काडतुसाचं नावच .२५०-३००० ठेवलं. त्या काळात शिकारीच्या काडतुसाला हा वेग म्हणजे मोठी गोष्ट होती. शिकारीच्या दृष्टीने न्यूटन यांचंच बरोबर होतं असं माझं मत आहे, पण आकडा लोकांच्या लक्षात राहिला हे खरं. बोथट गोळीच्या नळीदार मॅगझिनमध्ये असलं काडतूस घालायचा विचारही कुणी केला नसता.

मग इतकी चांगली वस्तू बंद का पडली? तिला शेजारच्या कंपनीने मारलं नाही, घरातल्याच रायफलीने मारलं. १९५८ मध्ये सॅव्हेजने निकोलस ब्रुअर यांनी आखलेली ११० नावाची बोल्ट रायफल, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे सरकवून काडतूस भरायची रायफल, आणली. तिची नळी एका मोठ्या नटने जागेवर आवळतात. नळी आट्यांवर फिरवत गेजला टेकेपर्यंत आत न्यायची, नट आवळायचा, संपलं. काडतूस बसायच्या जागेचं जे नेमकं अंतर साधायला इतरत्र हात आणि वेळ लागतो, ते इथे एका पान्याने साधतं. कारागीर म्हणून मला त्या कल्पनेचा आदर आहे. असा विचार सुचायला डोकं लागतं. पण तिच्या शेजारी नव्व्याण्णवचा हिशेब ठेवून पाहा. फोर्जिंगच्या लोखंडी ठोकळ्यातून रिसीव्हर कोरायचा, आत चरखीसाठी गोलाकार पोट काढायचं, भिंतीला बसाव द्यायचा, आणि प्रत्येक काडतुसाच्या मापाची चरखी वेगळी. एकेका रायफलीमागे किती सेटिंग, किती कटर, किती माणसं!

आधी चरखीवर संक्रांत आली. १९६५ च्या सुमारास सुट्या डब्याचं मॅगझिन असलेली ९९-सी निघाली, दोन्ही प्रकार काही काळ बरोबरीने चालले आणि १९८० च्या दशकात चरखी गेली. १९८८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिला वर काढणाऱ्या रॉन कोबर्न यांनी पसारा आवरून सगळा भर ११० वर ठेवला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याशिवाय कंपनी उरलीच नसती. नव्व्याण्णव त्यानंतरही अधूनमधून निघाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबली. दहा लाखांहून जास्त रायफली बनल्या होत्या.

इथे कुणीतरी ब्राउनिंग कंपनीच्या बीएलआर या लिव्हर रायफलीचं नाव काढतं. लिव्हर आहे, टोकदार गोळी चालते, मग अडचण काय? बीएलआर चांगली आहे, मनापासून सांगतो. पण तिचं मॅगझिन खालून डब्यासारखं बसतं. रायफल एका हातात धरून चालताना तोल जिथे साधतो, नेमकी तिथेच पकड येते. नव्व्याण्णवचं पोट त्या जागी सपाट आणि गुळगुळीत आहे. दिवसभर रायफल हातात घेऊन चाललेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

आता पुनर्जन्माबद्दल, कारण प्रश्नाचा अर्धा भाग तोच असतो. पायथन १९५५ मध्ये आली, हाताने बसाव दिलेल्या आतल्या भागांसाठी नावाजली, २००५ मध्ये थांबली आणि २०२० मध्ये परतली. नव्या पायथनची आतली रचना कोल्टने पुन्हा आखली, १४ भाग कमी केले. हाय-पॉवर जॉन ब्राउनिंग यांनी सुरू केली. १९२६ मध्ये ते गेल्यावर द्यूदोने सैव्ह यांनी ती पूर्ण केली आणि १९३५ मध्ये ती आली. एफएन या बेल्जियन कंपनीने ती थांबवली आणि २०२२ मध्ये त्याच नावाने वेगळंच पिस्तूल काढलं, ज्याचे भाग जुन्याला लागत नाहीत. स्प्रिंगफील्ड या कंपनीची एसए-३५ त्यापेक्षा जुन्याच्या खूप जवळ जाते, आणि मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

विंचेस्टरची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६४ मध्ये खर्च कमी करायला त्यांनी ९४ ही लिव्हर रायफल आणि मॉडेल ७० ही बोल्ट रायफल, दोन्हींत काटछाट केली. मॉडेल ७० चा जर्मन मॉझर रायफलीच्या पद्धतीचा लांब पंजा गेला, जो काडतुसाची कड पकडून ते नळीत शिरेपर्यंत सोडत नसे. तेव्हापासून शौकिनांच्या तोंडी 'प्री-सिक्स्टीफोर' (चौसष्टच्या आधीची) हा शब्द रुळला तो आजवर. तो पंजा कंपनीला १९९० च्या दशकात परत आणावा लागला.

आणि मार्लिन, लिव्हर रायफली बनवणारी आणखी एक जुनी कंपनी. रेमिंग्टन या बंदूक कंपनीच्या मालक कंपनीने २००७ मध्ये मार्लिन घेतली, पुढे नॉर्थ हेवनचा जुना कारखाना बंद झाला आणि काम दुसऱ्या गावी गेलं. यंत्रं हलवता आली. ज्या माणसांना त्या जुन्या यंत्रांचे रुसवेफुगवे ठाऊक होते ती हलली नाहीत, आणि त्यानंतरच्या मालाच्या दर्जावर पुढे वर्षानुवर्षं तक्रारी होत राहिल्या. २०२० मध्ये रूगर या बंदूक कंपनीने मार्लिन विकत घेतली, घाई न करता सगळं नव्याने आखलं, आणि २०२१ च्या अखेरीस पहिल्या रायफली बाहेर काढल्या. त्या चांगल्या निघाल्या. मला आशा वाटते ती या एका उदाहरणामुळे.

कारण जो रिसीव्हर एकेकाळी कंपनीच्या गळ्याशी आला होता, तो आज संगणकाने चालणाऱ्या पाच अक्षांच्या सीएनसी यंत्रावर एका-दोन पकडींत निघेल. पोटाची गोलाई तर यंत्राला जमतेच जमते. अवघड राहील तो मागच्या भिंतीचा बसाव आणि चरखीच्या स्प्रिंगचा ताण. पहिलं काडतूस आत दाबताना अंगठा दुखू नये आणि शेवटचं वर येताना आळस होऊ नये, एवढा बारीक मेळ आहे तो. तिथे यंत्रासोबत अनुभवी हात लागेल. कुणी चरखी गाळून, डब्याचं मॅगझिन लावून, वर '९९' कोरून रायफल विकायला काढली तर मी तिला चांगली लिव्हर रायफल म्हणेन. नव्व्याण्णव म्हणणार नाही.

एवढं ऐकून घेणारा माणूस शेवटी विचारतोच: काडतूस कोणतं? बहुतेकांना .३०८ हवं असतं, ते सगळीकडे मिळतं म्हणून. माझी निवड .३०० सॅव्हेज. १९२० मध्ये ते याच रायफलीसाठी जन्मलं, याच चरखीच्या मापात बसावं म्हणून त्याची मान आखूड ठेवली. नाटोच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाच्या चाचण्या सुरू झाल्या त्याही या .३०० सॅव्हेजच्याच टरफलापासून, आणि .३०८ हे त्याच घरातलं पुढचं नाव. नळी बावीस किंवा चोवीस इंची, अक्रोडाचा कुंदा, साधा. डाव्या बाजूला खिडकी, आणि तिच्यात पाचचा आकडा.